अठरा व्होल्टची सोयरीक

जुलै २०२५. इंदूरच्या निपानियातल्या एका नव्या टॉवरच्या आठव्या मजल्यावर आमचा फिटर ड्रिलची पिन हातात धरून उभा होता. मी सुदामानगरच्या दुकानातून फोनवर त्याच्यावर ओरडत होते, की अकरा वाजले तरी पडद्याचा पहिला रॉड का लागत नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला होता, पण विजेचं मीटर बसायचं होतं. लिफ्टजवळच्या पॉइंटवरून वायर ओढली, तर आमची वीस मीटरची वायर खिडकीपासून तीन मीटर अलीकडेच संपली. परवावर गृहप्रवेश. पाहुणे यायचे आणि खिडक्या उघड्या!

संध्याकाळी तो दुकानात आला, वायरचं भेंडोळं कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाला, "भाभीजी, अब बैटरीवाली ले ही लो. और हथोड़ेवाली लेना." या दुसऱ्या वाक्याकडे मी नीट लक्ष दिलं असतं, तर पुढचं बरंच वाचलं असतं.

आमचं दुकान पडद्यांचं. कापड आणायचं काम ह्यांचं, एम. टी. क्लॉथ मार्केटमधून. माप, शिलाई, फिटिंग आणि हिशेब माझ्याकडे. बायपासच्या आणि सुपर कॉरिडॉरच्या बाजूला इमारती उठू लागल्यापासून निम्मी घरं अशीच, ताबा आहे पण वीज नाही. म्हणजे बॅटरीवरचं ड्रिल मशीन लागणारच होतं. प्रश्न एवढाच होता, की आत्ता घ्यायचं की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबायचं. मी थांबायचं ठरवलं. उधारीच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि त्यावर भाव लिहायला लागले.

पहिल्या दोन दिवसांत डोकं गरगरलं. ७५ टक्के सूट, ९,९९९ चं मशीन २,४९९ ला, सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर, चोवीस तुकड्यांचा सेट. मशीनवर मोठ्या अक्षरांत ८८ व्हीएफ. त्याच्या खाली चांगल्या कंपन्यांची मशीनं दहा-अकरा हजारांना, आणि त्यांच्यावर नुसतं १८ व्होल्ट. मला साधा हिशेब दिसला : अठ्ठ्याऐंशी मोठं की अठरा?

रविवारी धाकटे भाऊजी जेवायला आले होते. ते पीथमपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांना फोन दाखवला तर ते हसायलाच लागले. "वहिनी, हे आमच्या शेजाऱ्यांनी घेतलंय. थांबा, आणतोच." अर्ध्या तासात ते बंद पडलेलं मशीन आमच्या ओट्यावर आलं. बॅटरीचे चार स्क्रू काढून त्यांनी झाकण उचललं. आत पाच सेल. टॉर्चच्या जाडजूड सेलसारखे, हिरव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, एकाला एक पत्र्याच्या पट्टीने जोडलेले.

"हा १८६५० सेल. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब. एका लिथियम सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट, पाच ओळीने जोडले की १८. पूर्ण चार्ज झाला की एका सेलचे ४.२, म्हणजे पाचांचे २१. पाच सेलमधून याच्या वर आकडा जाऊच शकत नाही, मग बाहेर ८८ लिहा नाहीतर १२८ लिहा." कुणी १८ लिहितं, कुणी २० मॅक्स, कुणी २१. आत पाचच सेल, तुम्ही कुठल्या क्षणी मोजता त्यावर आकडा. त्या व्हीएफचा व्होल्टशी संबंध नाही. तुमचा तसा समज झाला, तर तो दुरुस्त करायला कुणी येत नाही, इतकंच.

मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली ती मी वहीत सगळ्यात वर लिहून ठेवली. मशीन म्हणजे मोटर, गिअर आणि प्लास्टिक. खरी किंमत बॅटरीची. आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला लागत नाही. एवढंच नाही, एकाच घरातसुद्धा पंगती वेगळ्या : बॉशची हिरवी मशीनं घरगुती वापराची आणि निळी कामाची, दोन्ही १८ व्होल्ट, पण हिरवीची बॅटरी निळीत बसत नाही. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच ४० व्होल्टच्या मशीनला चालत नाही. "एकदा बॅटरी घेतली की सोयरीक झाली म्हणा," भाऊजी म्हणाले. "पुढची मशीनं त्याच घरातली करावी लागतात. म्हणून तर पहिलं स्थळ स्वस्तात दाखवतात."

यानंतर मी सूट बघणं सोडलं आणि बॅटरी मोजायला लागले. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (एएच) म्हणजे वॉट-अवर, म्हणजे डब्यात किती जेवण आहे ते. १८ व्होल्ट, २ एएच : ३६ वॉट-अवर. एका ऑफरमध्ये ४५ टक्के सूट देऊन ८,४९० ला किट होतं, पण आत एकच बॅटरी आणि तीही १.५ एएच, म्हणजे २७. दुसरं त्याच मशीनचं किट दोन बॅटऱ्यांचं, २ एएचच्या, म्हणजे ७२. दोन-सव्वादोन हजारांच्या फरकात जेवण जवळजवळ पावणेतीनपट. सूट मात्र पहिल्यावर जास्त लिहिलेली.

तुकडे सुटे घेतले तर काय पडतं तेही लिहिलं. नुसतं मशीन, ज्याला ते सोलो म्हणतात, ५,२००. दोन एएचची बॅटरी २,९०० ला एक. चार्जर १,६००. बेरीज १२,६००. म्हणजे किट याच्या खाली जितकं मिळेल तितका खरा फायदा. बाकी एमआरपीवर मारलेली काट ही नुसती रेघ. कायद्याने पाकिटावर छापलेली ती कमाल किंमत आहे, सगळे कर धरून. त्याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती खरी विक्रीची किंमत असावी असं कुठेच म्हटलेलं नाही.

आता वहीतलं ते पान जसंच्या तसं देते, कारण मला स्वतःला ते बघून जास्त समजलं. दोन बॅटऱ्यांचं किट, एकच मॉडेल, एकच संकेतस्थळ. २० जुलै : एमआरपी १६,५००, भाव १०,४००, सूट ३७ टक्के. पितृपक्षात : एमआरपी १७,९००, भाव ११,६००, सूट ३५ टक्के. नवरात्र बसलं त्या आठवड्यात, सेल सुरू : एमआरपी १७,९००, भाव १०,९९०, सूट ३९ टक्के, वर लाल पट्टी. सूट ३७ ची ३९ झाली आणि किंमत ५९० रुपयांनी वाढली! मी दोन महिने कशासाठी थांबले होते? त्या दोन महिन्यांत फिटरने तीन घरं मीटर नाही म्हणून पुढे ढकलली होती, ते वेगळंच.

पट्टीखाली घड्याळ पळत होतं आणि 'फक्त २ शिल्लक' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे करताना पाहिलं, तरी दोनच शिल्लक. संध्याकाळीही दोनच. खोटी घाई लावणं ही फसवी युक्ती आहे असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे, अशा तेरा युक्त्यांची यादीच आहे त्यात. यादी आपल्या जागी, घड्याळ आपल्या जागी.

त्याच आठवड्यात जीएसटीचाही गाजावाजा होता. २२ सप्टेंबरपासून दर बदलले आणि जिकडे तिकडे 'जीएसटी कम, दाम कम' चे फलक. ड्रिल मशीन आधीपासून १८ टक्क्यांत होतं आणि १८ टक्क्यांतच राहिलं. तरी एका दुकानाच्या काचेवर ड्रिलच्या चित्राशेजारीच तो फलक लावलेला होता. मी आत जाऊन विचारलं, तर मालक म्हणाले, "मॅडम, वो तो सबके लिए लगाया है."

मग सियागंज. इंदुरात राहून सियागंजला न जाता हत्यार घेणं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन घरचा डबा खाणं. स्टेशनच्या बाजूने आत शिरलं की एका गल्लीत किराणा आणि सुका मेवा, दुसरीत पंप, बेअरिंग, हत्यारं, हातगाड्या अंगावर येतात आणि चपलेला हळद लागते. तिसऱ्या दुकानात ते किट होतं. मी एमआरपीचा विषय काढला तर काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "एमआरपी तो बेटा छपने के लिए होती है. आपको बिल चाहिए कि नहीं, वो बोलो."

बिल हवं होतं. भाव १०,८०० वरून १०,६०० वर आला, शिवाय पाच बिटं, म्हणजे भोक पाडायची पाती, वर फुकट. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त देणारा विक्रेता आमच्या जीएसटी नंबरचं बिल देत नव्हता. इथे १०,६०० मधले १,६१७ रुपये कराचे, ते आमच्या भरण्यातून वजा होतात. म्हणजे दुकानाला मशीन पडलं ८,९८३ ला. हा फरक सवलतीच्या कुठल्याच लाल पट्टीवर दिसत नाही आणि ज्यांचा नंबर नाही त्यांच्या कामाचाही नाही.

भाऊजींनी आणखी एक गोष्ट बजावून पाठवली होती : खोक्यावरचा महिना बघा. बॅटरी पडून पडून म्हातारी होते. पहिल्या खोक्यावर तयार केल्याचा महिना चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला. मी नुसतं बोट ठेवलं. काकांनी काही न बोलता माळ्यावरून दुसरं उतरवायला लावलं, ते चार महिन्यांचं. बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. सवलतीच्या मोठ्या सेलमध्ये जुना माल कुठे जातो, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

एकच ४ एएचची बॅटरी असलेलं किटही त्यांच्याकडे होतं, तेही तितक्याच वॉट-अवरचं. मी दोन छोट्या घेतल्या. आमचा फिटर स्टुलावर उभा राहून डोक्याच्या वर हात करून काम करतो. मोठी बॅटरी पाव किलोने जड. दिवसाला तीन घरं, एका घरात तीसेक भोकं, ते पाव किलो खांद्याला कळतं. शिवाय एक चालू, एक चार्जिंगला. अजूनही मला वाटतं तो विचार बरोबर होता. चूक दुसरीकडे होती.

दुकानात आल्या आल्या मागच्या भिंतीवर परीक्षा घेतली. सहा मिलिमीटरचं बिट, विटेची भिंत. एका चार्जवर साठाच्या पुढे मी मोजणं सोडलं. शिलाईवाल्या मुली बाहेर येऊन बघायला लागल्या, भिंतीची चाळण झाली होती. फिटरही खूश. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या घरी गेला आणि तासाभरात फोन आला : "भाभीजी, ये लिंटल में नहीं घुस रही."

ज्यांनी पडदे लावलेत त्यांना हे ठाऊक असतं. खिडकीच्या बरोबर वर सिमेंट-काँक्रीटची पट्टी असते, लिंटेल. गिऱ्हाइकाला रॉड खिडकीच्या लगेच वर हवा असतो, म्हणजे नेमका तिच्यात. फिटर जुन्या वायरच्या मशीनने ती भोकं पाडायचा, ते मशीन त्याच्या भाषेत 'हथोड़ा'. माझ्या नव्या खोक्यावर हातोडीचं चित्र होतं, मला वाटलं हाच तो.

दोन्ही वेगळे. माझ्या मशीनमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि बिटाला बारीक थरथर देतात. विटेला तेवढं पुरतं, पण काँक्रीटमध्ये सगळा जोर माणसाच्या मनगटाचा. फिटरचा हथोडा म्हणजे रोटरी हॅमर, खाचा असलेल्या एसडीएस बिटाचा. त्यात आत दट्ट्या असतो, हवेच्या दाबाने तो बिटाच्या मागे खरोखरचा घाव घालतो. माणसाने फक्त धरायचं. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, हथोड़ेवाली लेना. मी अडीच महिने भाव लिहिले. कुठलं भोक पाडायचंय हे त्याला विचारलं नाही.

आता सोयरीक तर झालेली. त्याच कंपनीचा बॅटरीवरचा रोटरी हॅमर शोधला, सोलो. ११,४००. सेल जोरात चालू होता, पुष्य नक्षत्राच्या जाहिराती दारावर येऊन पडत होत्या, पण या हॅमरवर दमडीची सूट नव्हती. ड्रिलवर सूट, टॉर्चवर सूट, ब्लोअर फुकट; ज्याच्यावाचून काम अडतं त्याला हात नाही लावलेला. भाऊजींचं स्थळाचं बोलणं आठवलं. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी ११,४०० मोजले.

हॅमरने लिंटेलमध्ये लोण्यासारखी भोकं पाडली. बारा-पंधरा. मग तो थांबला. २ एएचची बॅटरी हाताला चटका बसेल इतकी गरम झाली होती, तिने स्वतःच वीज तोडली. हॅमर एका दमात जेवढं ओढतो तेवढं पाच छोट्या सेलना झेपत नाही. त्याला दहा सेलची बॅटरी लागते, दोन-दोन सेल जोडीने भार उचलणारी. म्हणजे ४ एएच.

पुन्हा सियागंज. या वेळी मी शेजारच्या गल्लीतल्या एका दुकानात 'सेम टू सेम' बॅटरी पाहिली, ४ एएच लिहिलेली, २,२०० ला. काकांकडे कंपनीची ५,३००. निम्म्याहून कमी! मोह झाला, खोटं कशाला सांगू. दोन्ही हातात घेतल्या, रंग एक, अक्षरं एक. हाताला मात्र काहीतरी वेगळं वाटत होतं.

सियागंजचा फायदा असा की चार पावलांवर सुक्या मेव्याचं दुकान असतं. मी काउंटरवरच्या पोराला म्हटलं, "भिया, जरा ये दोनों तोल दे." त्याने काजूचं ताट बाजूला केलं. काकांकडची बॅटरी : ६३५ ग्रॅम. 'सेम टू सेम' वाली : ३९०. एक सेल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅमचा असतो हे ओट्यावर उघडलेल्या बॅटरीपासून माझ्या डोक्यात बसलं होतं. दहा सेल म्हणजे साडेचारशेच्या वर नुसते सेल, वर डबा आणि पट्ट्या. ३९० मध्ये दहा मावणार कुठे? आत पाच. नव्या जाड सेलच्या काही ४ एएच बॅटऱ्या पाच सेलच्याही येतात आणि हलक्या असतात, पण ही ज्या मॉडेलची नक्कल होती त्यात दहा आहेत, ते समोर काट्यावरच दिसत होतं. पोराने विचारलं, "दीदी, काजू भी तोल दूँ?" पाव किलो घेतले. बॅटरी काकांकडून घेतली.

दिवाळीनंतर पाडव्याला हिशेब जुळवायला बसले. किट १०,६००, हॅमर ११,४००, बॅटरी ५,३००. एकूण २७,३००. वही चाळताना जुलैच्या पानावर, कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात एक ओळ सापडली : ड्रिल आणि रोटरी हॅमर एकत्र, ४ एएचच्या दोन बॅटऱ्या, चार्जर, २४,९००, सूट १२ टक्के. पुढे मी लिहिलं होतं, 'महाग. सूट कमी.' आणि काट मारली होती. ४ एएचच्या दोन, बहात्तर-बहात्तर, म्हणजे १४४ वॉट-अवर. माझ्याकडे आज आहेत तेवढेच. ह्यांना दाखवलं नाही. भाऊजींना दाखवलं, ते म्हणाले, "वहिनी, त्यात दोन्ही बॅटऱ्या जड असत्या, फिटरचा खांदा गेला असता." मी ते मानून घेतलं.

८८ व्हीएफवाल्या मशीनचा तो चोवीस तुकड्यांचा सेट शेजाऱ्यांनी आम्हालाच देऊन टाकला. त्यातला लांब स्क्रूड्रायव्हर बिट शिलाई मशीनचा टेबल आवळायला उत्तम आहे. बाकी बिटं पहिल्याच भिंतीत बोथट झाली.

फिटरने तिन्ही बॅटऱ्यांवर मार्करने आकडे घातलेत. सकाळी घरात शिरलं की तो आधी लिंटेलची सगळी भोकं उरकतो, तीन नंबरची मोठी बॅटरी भरलेली असते तोवर. मग हॅमर खाली ठेवून हलकं ड्रिल घेतो आणि विटेतली भोकं करत बसतो.